शिवलेली पानं

सिस्टर, आज कपाट आवरताना तुम्ही दिलेलं पुस्तक हाती आलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वाटलं, तुमच्याशी बोलावं.

वसईच्या अनाथालयात शिवणाच्या तासाला तुम्ही ते वाचायचात. आम्ही उशीच्या अभ्र्यांना टाके घालतोय आणि तुम्ही इंग्रजी पान बघून मराठीत सांगताय, आईबापाविना वाढलेल्या, परक्या घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या त्या मुलीची गोष्ट. मधली प्रेमाची पानं मात्र तुम्ही पांढऱ्या दोऱ्याने शिवून टाकली होती. "ही कधी वाचायची?" मी विचारलं. "स्वतःच्या कमाईचं खाशील तेव्हा. आता टाके बघ तुझे, गोगलगाय चालल्यासारखे!" सगळ्या हसल्या. निघताना तेच पुस्तक तुम्ही माझ्या बॅगेत ठेवलंत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दोहाला आले, मदिनत खलीफा भागातल्या एका घरी दोन मुलींना शिकवायला. स्वयंपाकघरालगत माझी खोली. मुली गोड होत्या, मॅडम सभ्य. पहिल्या पगाराला ते टाके कापायला कात्री काढली आणि परत ठेवली. ताटातलं त्यांचं, छप्पर त्यांचं. माझं काय?

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी यायचा. मिस्सेच्या प्रार्थनेला तासाभरावरच्या अल खोर गावाहून कंपनीच्या बसने एक विधुर यायचा, वसईचाच. मी अडतीस वर्षांची. एका शुक्रवारी तो म्हणाला, "बसवाला दहा मिनिटं थांबतो, तुम्ही हो म्हणायला किती घेणार?" मला हसू आलं. मग म्हणाला, "लग्न झालं की नोकरी खलास. माझ्या घरात राणीसारखं राहायचं." मी म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी सांगते."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला घरी ये म्हणत होतं, सिस्टर. आणि तेही घर पुन्हा दुसऱ्याचंच. त्या आठवड्यात एका दुपारी, मुली झोपल्या असताना, मी तुमचे टाके उसवले. गोष्टीतली ती मुलगी त्या घरच्या मालकावर जीव टाकते, आणि तरी स्वतःचं मन मोडून तिथे राहत नाही. त्या ओळींशेजारी पेन्सिलीची बारीक रेघ होती, कापडावर तुम्ही मारायचात तशी.

शुक्रवारी मी सांगितलं, "लग्न करीन. शिकवणं सोडणार नाही." बसने हॉर्न दिला. तो निघाला, पायरीवर चढला आणि वळला. "अल खोरलाही पोरं आहेत. फळा मी आणतो, खिळे तुम्ही ठोका."

मॅडमनी मला नोकरीतून मोकळं केल्याच्या कागदावर सही दिली आणि मुलींच्या जुन्या वह्याही दिल्या. आमच्या बैठकीच्या खोलीत तो फळा पुढे कितीतरी वर्षं होता. खिळे वाकडेच होते.

एक सांगायचं राहिलं. कन्फेशनमध्येही कधी सांगितलं नाही. पंधराव्या वर्षी मी ती पानं चोरून उसवली होती. काही कळलं नाही, म्हणून पुन्हा शिवून ठेवली, माझ्या त्या वेड्यावाकड्या टाक्यांनी. तेव्हा ती पेन्सिलीची रेघ तिथे नव्हती. आणि दोहात मी उसवले ते टाके सरळ होते, एकसारखे, तुमच्या हातचे.

हे पत्र त्याच पानांत ठेवते. सुई आणली आहे.