टमाट्याच्या अर्ध्या बरन्या

आत्याबाई,

तुमी इंझोरीहून येसान तवा घरी कोनी नसन. हे मले वाशीमच्या दवाखान्यात घेऊन चालले. फोनवर तुमच्याशी बोलवलं नाही मनून लिहून राह्यली.

परसातल्या टमाट्याच्या अर्ध्या बरन्या मी काल भरल्या, त्या फळीवर हायेत. बाकीचे टमाटे सोलून मोठ्या गंजात झाकून ठेवले. ते आजच करा, नाही तं आंबतीन. हरेक बरनीत लिंबाचा रस टाकजा आन् वर बोटभर जागा सोडजा. झाकन लावून पाऊन तास पान्यात उकळू देजा, खाली फडकं टाकाले भुलू नका. थंड झाल्यावर झाकन मधात दाबून पाहा. टक वाजलं तं आत हवा राह्यली, ते टमाटे ठेवू नका, भाजीत टाका.

चादर धुवून वाळू घातली, काढून घेजा.

इंझोरीले तुमच्या बहिनीले गोड बातमी सांगतली असन तं राहू द्या, नसन तं आता सांगाले फोन करू नका.

तुमीच मनल्या होत्या, "रंजीता, आता नऊ महिने लोनच्याच्या बरनीले शिवाले तुले बंदी नाही." मनूनच हे काम मी काढलं होतं.

आज पहाटपासून मी एकाही बरनीले शिवली नाही.