रामकिसनचा हात

मुक्काम टेशन, बदनापूरच्या अलीकडं
ता. ६ फेब्रुवारी १९४५

ती. गोजरआक्काला मच्छिंद्रचा दंडवत.

मी इकडं खुशाल हाय. तू अन लेकरं बी असाल. खुशाली झाली, आता खरं सांगतो. आक्का, मी एका मेलेल्या माणसाचं सोंग घेतलं अन त्या सोंगात एका जित्या पोराला मारून बसलो. भिऊ नको, चाकू-बिकू काय न्हाई. तार ठोकायच्या खटक्यानं मारलं. हे पत्र दाजीला वाचायला देऊ नको. तुला अडखळत येतं तरी तूच वाच, म्हणून अक्षर मोठं काढून राह्यलो.

तुझ्या लग्नात मी तुझ्या सासऱ्यावानी खोकलो अन सगळी पंगत हातात घास धरून गप बसल्ती, आठवतं? तीच खोड. पाय वाजला की कळतं ना कोण आलं, तसं तार वाजली की कळतं कोणत्या टेशनात कोण बसलाय. हर एकाची चाल निराळी. तिला आमी 'हात' म्हणतो. परतूरच्या रामकिसनबाबूचा हात असा, की शेवटचा ठोका मागं राहायचा, लंगड्यानं पाय ओढल्यावानी.

ह्या रामकिसनबाबूची अन बदनापूरच्या फकरोद्दीनचाचाची लई जुनी दोस्ती. दोघं बी तारबाबू. दुपारी गाडी नसली की दोघांचा तारंवर खेळ चालायचा. एकानं तीन इंग्रजी अक्षरं द्यायची. दुसऱ्यानं ती अक्षरं त्याच क्रमानं पोटात असलेला लांबलचक इंग्रजी शब्द काढायचा. तार सगळ्या टेशनांतून जाती, म्हणून मी बी इथं बसून ऐकायचो. टेशनमास्तरांच्या हाताखाली तार शिकलो, मला अक्षरं येतात, इंग्रजी येत न्हाई. पण ऐकायला मजा वाटायची.

श्रावणात रामकिसनबाबू पटकीनं गेला. तरी चाचा रोज दुपारी तीन अक्षरं सोडायचा. पलीकडून कोण बोलणार? अक्षरं आली की मंग नुसती तार गुणगुणायची. थोडी कीव आली, थोडी खाज सुटली. एका दुपारी आमचे मास्तर काकासाहेब जेवायला गेल्ते. चाचानं एम, बी, सी दिले. मास्तरांच्या गुडघ्याच्या तेलाची बाटली समोरच होती. तिच्यावरचा 'एम्ब्रोकेशन' मी उतरवून धाडला, शेवटचा ठोका बराबर ओढून.

पलीकडून नुसतं, "हू?"

मी ठोकलं, आर, के.

मंग रोजचंच झालं. डब्यावरचे, पाट्यावरचे, औषधाच्या पुड्यावरचे शब्द मी हुडकून ठेवायचो. हसून हसून पोट दुखायचं.

दसऱ्याच्या सुमाराला एका दुपारी चाचानं आधी लांबच लांब इंग्रजी ठोकलं. मला त्यातलं काय बी उमगलं न्हाई. शेवटी अक्षरं आली, के, एच, डी. मी तर उडीच मारली! मास्तर सकाळपासून मला 'ब्लॉकहेड' म्हणत्यात, अन एकदा रागानं त्याची स्पेलिंग बी घोटून घेतल्ती. बघितलं तर तिन्ही अक्षरं ओळीनं पोटात. दिला धाडून.

चार दिवसांनी मास्तरांच्या कामानं बदनापूरला गेलो. चाचाच्या दारात कमरुन्निसाचाची फुटक्या बांगड्या झाडून राह्यल्ती. बांगड्या सुनंच्या, सलमाच्या. त्यांचा एकुलता पोरगा खुर्शीद फौजंत बर्माकडं गेलेला, सालभर कागद न्हाई.

"चाचा, काय झालं?"

"खुर्शीद गया, बेटे. तार आयी."

"फौजंची?"

चाचानं माझं मनगट धरलं. हळूच बोलला, "घर में नक्को बोल. तू तारवाला है, तू समझेगा. रामकिसन की तार आयी. मैंने पूछा, मेरा खुर्शीद तेरे पास आया होगा तो उसके नाम के हर्फों का लफ्ज दे. नै आया तो चुप बैठ. लफ्ज आया, बेटे. जिंदगीभर मेरेकू ब्लॉकहेड बोलता था. मरके बी वोईच बोला."

के, एच, डी म्हंजी खुर्शीदच्याच इंग्रजी नावातली अक्षरं. आक्का, मी नुसता गप बसलो असतो तर खुर्शीद जिता राहत होता. जल्मात एकदा गप बसायचं होतं.

तिथंच पाय धरायला पाहिजे होते. तोंड उघडलं न्हाई. चाचीनं च्या दिला, तो बी पिऊन आलो.

तवापासून माझा हात हरवला. मी सरळ ठोकाया जातो, शेवटचा ठोका मागं राहतो. मास्तर वरडले, "तसं ओढून नको ठोकू रे, धसका बसला मला!" मी म्हणलं, मस्करी केली. मस्करी कुठली? भाकर थापताना बी शेवटची थाप मागं पडती. भर दुपारी, माणूस न्हाई काणूस न्हाई, अन माझ्याच परातीत दुसराच कुणीतरी थापून राह्यला असं वाटतं. हात धुतो, चोळतो, तेल लावतो. काय फरक न्हाई.

आता सलमाची इद्दत सरत आली. नवरा गेल्यावर त्यांच्यात बाई पडद्याआड बसती, ती इद्दत. येत्या आयतवारी तिचा भाऊ औरंगाबादहून न्यायला येणार. तिकडं बिजवराशी निकाह ठरवलाय. खुर्शीद उद्या दारात उभा राह्यला तर? अन मी खरं सांगितलं अन तो न्हाईच आला तर मी त्यांना नुसती आस लावून दुसऱ्यांदा मारणार. दोन्हीकडून मीच.

हे कळलं तवा काल दुपारी इंग्रजी अक्षरांत हिंदुस्थानी ठोकलं, "मैं मच्छिंद्र. वो सब मैंने किया. रामकिसन नहीं था."

चाचाचं उलट आलं, "झूट नक्को बोल, रामकिसन. दिल नक्को बहला. तेरा हात पैचानता मैं."

म्हणून शनिवारच्या गाडीनं जाऊन राह्यलो. खटक्यानं न्हाई, तोंडानं सांगणार. तोंड अजून माझंच हाय. नोकरी जाईल, चाचा जोड्यानं मारंल. मारू दे.

पण तवर आक्का, तुझ्या पाया पडतो, कुणाला सांगू नको. दाजीला न्हाई, शेजारच्या साळूबाईला तर बिलकुल न्हाई, तिच्या पोटात पाणी टिकत न्हाई. माझ्याआधी ही बातमी फिरत फिरत चाचाच्या कानावर गेली तर तो तिला बी कुणाचा तरी निरोप समजंल, अन मंग माझं खरं कोण ऐकंल? कुणालाच सांगू नको आक्का, कुणालाच.

तुझा, अजून तरी तुझाच,
मच्छिंद्र