अर्धी लाट

४ फेब्रुवारी, मंगळवार

आईचा हात बिघडलाय की माझं मशीन?

आज हॉस्पिटलात, नसा तपासायच्या टेबलावर आईलाच झोपवलं. महिनाभर तिच्या उजव्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येताहेत. दिवसभर शिवणाच्या दुकानात काजं करते, कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून. त्या दोन बोटांची नस कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाच्या खोबणीतून जाते. तिथे वर मांस नाही, चरबी नाही, नुसती कातडी. कोपर आपटल्यावर जीव कळवळतो तो तिच्यामुळेच. म्हणजे सगळं पुस्तकातल्यासारखं सरळ होतं.

करंगळीच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो त्यावर पट्ट्या चिकटवल्या. मनगटाशी नसेला विजेचा हलका झटका दिला — पडद्यावर उंच, देखणी लाट. कोपराच्या वर दिला — लाट अर्धी! पुन्हा दिला. अर्धीच. आई म्हणते, "अगं, तपासतेस की लहानपणीच्या माराचं उट्टं काढतेस?"

म्हणजे निम्मे तंतू वाटेत अडकलेत. पण मग मुठीत एवढा जोर कसा? उंचवटाही भरलेला! आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञ ताईंना विचारलं. त्या या खोलीत बारा वर्षं काढलेल्या, मी सहा महिन्यांची. म्हणाल्या, "जे आलं ते लिही. टेबलावर आई असो की आत्या."

लिहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या विभागाचे मोठे डॉक्टर — सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात — रिपोर्ट बघून म्हणाले, "कोपराशी नस दाबली गेलीय. मोकळी करावी लागेल." सतरा तारखेला ऑपरेशन.

 घरी आल्यावर चपला काढता काढता आई विचारते, "नंतर सुई धरता येईल ना?" बहुतेक येते. हे 'बहुतेक' मी पेशंटना दिवसातून वीस वेळा सांगते. आईपुढे तोंडातून निघेना.

बाबा म्हणाले, "घरात एक पदवीधर आहे, तिला विचारा की!" पदवीधर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एक सुचलं! हात गार असला की नसेतून संदेश हळू जातो. आमची खोली तर बर्फ. आईला पुन्हा बोलावलं, गरम पाण्याची पिशवी हातावर ठेवली, वीस मिनिटं थांबले. वेग थोडा वाढला. लाट अर्धी ती अर्धीच.

ताई : "किती छळशील त्या माउलीला?"

१० फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्याच उजव्या हाताला पट्ट्या लावल्या. निरोगी हात कसा दिसतो ते बघायला. मनगटाशी उंच लाट. कोपराच्या वर — अर्धी!

 मलाही? पण मला तर काहीच होत नाही!

मग वेड्यासारखं एक करून पाहिलं. हाताच्या मधून दुसरी एक नस जाते, अंगठ्याकडची. तिचा करंगळीशी काडीचा संबंध नाही. तिला कोपरापाशी झटका दिला. आणि करंगळीच्या उंचवट्यावर लाट उठली! हरवलेला अर्धा भाग तिथे होता!

डबा तसाच ठेवून पुस्तकं उपसली. सापडलं. काही माणसांत करंगळीच्या नसेचे थोडे तंतू दंडातून शेजारणीबरोबर, म्हणजे त्या अंगठ्याकडच्या नसेबरोबर, खाली येतात आणि कोपराच्या खाली आडव्या वाटेने आपल्या नसेत परततात. जन्मापासूनच. रोग नाहीच तो! कधी कधी घराण्यातच असतं. आई, रक्तामांसाचं नातं तर होतंच आपलं, आता नसांचंही निघालं!

११ फेब्रुवारी, मंगळवार

आईच्या हातातही तीच आडवाट! मी ताईंना मिठीच मारली. त्या म्हणतात, "सोड, पट्ट्या चिकटतील."

सरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही लाटा पडद्यावर शेजारी लावून बघितल्या. "शाब्बास. हे माझ्या नजरेतून सुटलं." माझे पाय जमिनीवर नव्हते. मग त्यांनी विचारलं, "पण मुंग्यांचं काय? ही आडवाट हालचालीच्या तंतूंची. स्पर्शाचे तंतू तिथून जात नाहीत."

मी ताबडतोब म्हणाले, "कोपर टेकवून बसते ना सर, उशी ठेवली की जातील."

 "ठीक आहे. ऑपरेशन तूर्त नको. दोन महिन्यांनी पुन्हा बघू. मधे हाताचा जोर कमी वाटला, तर एक दिवसही थांबायचं नाही."

आता वाटतंय, मी इतक्या झटकन उत्तर कसं दिलं? मला माहीत होतं म्हणून, की मला तेच हवं होतं म्हणून? काही कळत नाही. 

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा भेटेल त्याला सांगताहेत — "माझ्या पोरीने डॉक्टरच्या हातातली सुरी थांबवली!" सुरी कुणी हातात घेतलीच नव्हती, असं म्हटलं तर म्हणतात, "तू गप गं. तुला सांगता येत नाही."

आईने कापूस भरून कोपराखाली ठेवायला उशी शिवली. तिला झालरसुद्धा लावली!

३ मार्च, सोमवार

"मुंग्या?" — "गेल्या." — "सगळ्या?" — "हो गं बाई, मोजून पाठवल्या."

२२ मार्च, शनिवार

शेजारच्या काकू आल्या होत्या. आईने त्यांना सगळी हकिगत सांगितली. तीही चुकीची. "आम्हा मायलेकींना एक नस जास्तीची आहे." मी म्हटलं, जास्तीची नाही, नुसती वाट वेगळी. आई काकूंना म्हणाली, "बघा, चुकू म्हणून देत नाही!" आणि केवढ्या कौतुकाने बघत होती माझ्याकडे.

मला मात्र हसता आलं नाही. आज एक पेशंट आला होता, त्याच नसेचा. मला म्हणाला, मुंग्या आपोआप थांबल्या. ताईंनी त्याच्या करंगळीला टाचणीचं टोक लावलं. त्याला पत्ताच नाही. म्हणजे मुंग्या दोन्ही वेळी थांबतात. नस सुधारली तरी, आणि तिला काही कळेनासं झालं तरी!

घरी येऊन आईला विचारलं, "बोटांना स्पर्श कळतो ना नीट?"

"कळतो गं. प्रत्येकाला पेशंट करू नकोस."

टाचणी आणायला उठले होते. परत बसले. का बसले?

९ एप्रिल, बुधवार

आई चष्मा विसरून गेली, तो द्यायला दुकानात गेले. ती दोरे आणायला बाहेर पडली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "बरं झालं आलीस. आईला सांग की, हात बरा झालाय तर काजं पुन्हा हातात घे म्हणावं. महिना झाला, नुसती जुनी शिवण उसवत बसते. तीही डाव्या हाताने."

मी म्हटलं, सांगते. चष्मा टेबलावर ठेवला आणि निघाले. दोन गल्ल्या चालल्यावर लक्षात आलं, घराच्या उलट दिशेला चाललेय.

महिनाभर रोज संध्याकाळी मी विचारतेय, रोज ती 'छान' म्हणतेय. आई माझ्याशी खोटं का बोलेल? मालकीणबाईंचा काही घोळ झाला असेल. की माझाच?

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी आईला कागद दिला. अंगठा सरळ ठेवून तर्जनीच्या कडेवर दाबून धर म्हटलं आणि ओढला. तिच्या अंगठ्याचं पेर वाकलं, कागद अलगद माझ्या हातात आला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला फुगीर स्नायू करंगळीच्या याच नसेवर जगतो. तिथे खळगा होता. दाबलं तर थेट हाडच लागलं.

"कधीपासून?"

"झाले पाच-सहा आठवडे."

"आई, अगं मग मला बोलली का नाहीस?"

"तू बरोबर निघाली होतीस ना गं. आपल्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच डॉक्टरांपुढे बरोबर निघालं होतं."