डेकला चिकटलेले मोजे

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? ओल्यात फार वेळ उकिडवे बसत जाऊ नका, असं आईने सांगितलंय (सांगितलं असं नाही, पण भांडी घासताना ती तुमच्याबद्दल जे पुटपुटते त्याचा सारांश तोच). इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा, आईची झोप आणि बोटीचा डेक सोडला तर अगदी ठीक. हे पत्र मी बाबांपासून लपवून लिहितेय, तेव्हा उत्तर आईच्या नावाने पाठवा.

तुम्हाला कल्पना नसेल, पण पदवी मिळाल्यापासून या घरात मला काहीही विचारलं जातं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, पंपाचा आवाज, शेजारणीच्या पायावरचं पुरळ. मी इतिहास शिकलेय असं म्हटलं की आई म्हणते, ‘मग काय झालं? शिकलीस ना?’ त्यामुळे बाबांचा गुडघा सुजला आणि डेक आपोआप माझ्याकडे आला. मला आनंदच झाला. मनापासून केलेलं काम वाया जात नाही, असं मी कॉलेजच्या वहीत लिहून ठेवलं होतं. (वही अजून आहे. वाक्याचं काही खरं नाही.)

घाई होती ती सहलीवाल्या बाईंची. त्या आपल्या पाहुण्यांसाठी हंगामभर एकच बोट ठरवणार आहेत, आपली नाहीतर चकचकीत काकांची. (तुम्ही गेल्यावर शेजारच्या धक्क्यावर आले ते. त्यांचा डेक प्लास्टिकचा, ओलं फडकं मारलं की तोंड दिसतं, म्हणून हे नाव.) हंगाम काकांना गेला तर बाबा बोटही त्यांनाच विकणार. ते हे ओरडून सांगत नाहीत, चहा मागावा तसं सांगतात. म्हणून जास्त भीती वाटते.

आता मामा, जुनं उकरायचं नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबांना डेक चमकायला हवा होता आणि तुम्ही म्हणालात, सागवान राखाडी झालं म्हणजे पिकलं, त्याला तेल पाजून तरणं करू नका. त्यावर बाबा म्हणाले, ‘हे कोण सांगतंय? केस काळे करणारा माणूस!’ आणि तुम्ही हत्यारांची पेटी उचललीत ती उचललीतच. जाताना मला म्हणालात, ‘खारं पाणी, मऊ ब्रश, लाकडाच्या रेषांना आडवं घासायचं. बाकी हात लावायचा नाही.’ मी खारं पाणी पक्कं लक्षात ठेवलं. मऊ आणि आडवं हे दोन शब्द मात्र कसे कोण जाणे निसटले. मी तारेच्या ब्रशने उभं घासलं, फळ्यांच्या लांबीला, जीव तोडून. डेकला कंगव्यासारखे चर पडले, पण खालून सोनेरी लाकूड निघालं. आई धावत आली. ‘अगं, एवढं सोनं लपवून का ठेवलं होतं!’ म्हणाली आणि जवसाच्या तेलाचा डबाच घेऊन आली. बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘ओत अजून, पितंय लाकूड.’ ते पीत होतं, पीत होतं, मग प्यायचं थांबलं. आम्ही ओतायचं थांबलो नाही.

ते अजून वाळलेलं नाही. धूळ, पिसं, कुणाच्या तरी पतंगाची शेपटी, सगळं त्यावर मुक्कामाला आहे. एक बगळा उतरला, दोन पावलं चालला आणि तिसऱ्याला त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी सॉरी म्हणाले. बाबांचं म्हणणं, तेलाला काही झालेलं नाही, उगाच काळजी करतेस.

अशा डेकवर बाई आल्या. मी पाटी लावली होती, ‘डेकच्या रक्षणासाठी पादत्राणे काढावीत.’ त्यांनी काढली. आत उंची मोजे होते. मधोमध जाऊन त्या थांबल्या आणि मला वाटलं, भारावल्या. ‘मला पाय उचलता येत नाहीये,’ त्या म्हणाल्या. बाबा खुर्चीतून अभिमानाने म्हणाले, ‘आमची बोट कुणाला सोडवतच नाही, बाई!’ शेवटी त्या मोज्यांतून बाहेर आल्या आणि अनवाणीच धक्क्यावर गेल्या. मोजे अजून तिथेच उभे आहेत. जाताना म्हणाल्या, ‘रविवारी आमच्या साहेबांना घेऊन येते. तोवर काय ते करा.’ बाबांना त्यातलं ‘येते’ ऐकू आलं. मला ‘काय ते करा’.

‘काय ते’ म्हणून बाबांनी चकचकीत काकांकडून घासायचं यंत्र आणलंय. (काकांनी मागताक्षणी दिलं, यातच सगळं आलं.) फळ्या झिजून पातळ झाल्यात, यंत्र फिरवलं तर खालचे स्क्रू वर डोकावतील, हे तुमचंच वाक्य मी सांगितलं. ‘ते तुझ्या मामाचं गणित,’ म्हणाले. म्हणून मी यंत्राची वायर काढून पिठाच्या डब्यात लपवलीय. आईला ती सकाळी सापडली. तिने झाकण तेवढं घट्ट लावलं.

असो. तुम्ही अजिबात काळजी करू नका, आणि एवढ्या लांबून यायचं तर मनातही आणू नका. मी शिकलेली आहे, काहीतरी वाचून काढीन.

तुमची,
भाची

ता. क. शनिवारच्या आत या. मऊ ब्रश घेऊन या.

ता. क. केसांबद्दल बाबा चकार शब्द काढणार नाहीत, असं आईने त्यांच्याकडून वदवून घेतलंय. तुम्ही त्यांच्या गुडघ्याबद्दल काढू नका.

ता. क. पत्र इथवर लिहून पाकीट शोधायला उठले, तर टेबलावर एक ठेवलेलं होतं. तिकीट लावलेलं, वर तुमचा पत्ता बाबांच्या अक्षरात. मला तो आईला विचारावा लागणार होता. पाकिटावर तेलाचे डाग आहेत, रागावू नका. ते माझे नाहीत, मी हात धुऊन लिहायला बसले होते.