बूच लावलंस का?

गूसनेक तळं, मिनेसोटा
जूनचा तिसरा आठवडा

ती. आर्डिसताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे डेल्मरचा, नमस्कार. (तुला भाऊ एकच आहे, पण पत्र अकरा वर्षांनी येतंय, तेव्हा ओळख करून दिलेली बरी.) तुझा गुडघा कसा आहे? चर्चमध्ये कॉफी पातळ झाली की अजून तूच बोलतेस ना? बोलत राहा, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. इकडे मी मजेत आहे. कसा मजेत, ते पुढे वाचशीलच आणि तुझा दिवस चांगला जाईल. केबिनच्या भिंतीवरचा तो पेंढा भरलेला बास मासा अजून जागेवर आहे. त्याच्यापायीच तू बाबांच्या अंत्यविधीनंतर इथे पाऊल टाकलेलं नाहीस, तेव्हा त्याच्याविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

तर मी निवृत्त झालो. निवृत्त माणूस घरात बसला की बायकोला ‘भांडी अशी का लावतेस’ म्हणून विचारू लागतो. मी तीन दिवस विचारलं. चौथ्या दिवशी जोआनने माझी बॅग भरून दिली आणि म्हणाली, ‘तळ्यावर जा, मासे धर, पत्र पाठव.’ मग मी लहानपणीच्या या तळ्यावर दोन आठवडे राहून कमळाच्या पानांखालचा एक मोठा बास धरायचा बेत केला. त्यासाठी नवी होडी घेतली. लाल, चमचमती. तिच्यात न्हाव्याच्या दुकानातल्यासारख्या दोन गोल फिरणाऱ्या खुर्च्या आहेत आणि पाण्याखालचे मासे दाखवणारा पडदा आहे. बाबांच्या पत्र्याच्या होडीत आपण चौघं, कुत्रा आणि आईची टोपली मावत होतो. हिच्यात मी आणि माझा रुबाब एवढेच मावतो.

आता नियम तुला ठाऊकच आहे: एका तळ्यातले शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून रस्त्यावर होडीच्या तळच्या भोकाचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे आतलं पाणी गळून जातं. मी कायदा पाळणारा माणूस. बूच काढून गाडीत कॉफीच्या कपाशेजारी ठेवलं आणि एकशे ऐंशी मैल त्याच्याकडे अभिमानाने बघत आलो. पण होडी पाण्यात सोडण्याआधी ते परत लावायचं, हे सांगणारी पाटी निदान मी वाचली नाही. (आपल्या घरी ते खातं तुझ्याकडे होतं. बूच सुतळीला बांधून तुझ्या गळ्यात, आणि बाबा होडी ढकलायला वाकले की धक्क्यावरून तुझी हाक, ‘बूच लावलं का?’ मी कधी लक्षात ठेवलं नाही, कारण तुझा आवाज पलीकडच्या काठालाही ऐकू जायचा.)

होडी सोडली. शेजारचा ओड्विन स्वेनबी आपल्या धक्क्यावर खुर्ची टाकून बसला होता. तो एक्याऐंशी वर्षांचा झाला, पण कॉफीचा थर्मास तोच आहे. त्याने हात वर केला, मीही केला. कमळांपाशी पोचलो, गळ टाकला आणि तिसऱ्याच फेकीला असा हिसका बसला की काठी धनुष्यासारखी वाकली. ताई, तो मासा मी डोळ्यांनी पाहिला. जबडा एवढा की माझी मूठ आत जावी. त्याच वेळी माझे मोजे ओले झाले. मी म्हटलं, शिंतोडे असतील. मग पोटऱ्या ओल्या झाल्या. शिंतोडे इतके वर चढत नाहीत हे कळायला मला जरा वेळ लागला, कारण काठी सोडायची माझी तयारी नव्हती. मागचा भाग पाण्यात गेला. पडद्यावर मात्र मासेच मासे दिसत होते, कारण तो आता त्यांच्या शेजारी राहायला गेला होता. तेव्हा काठावरून ओड्विनने शांतपणे विचारलं, ‘डेल्मर, बूच लावलंस का रे?’

तो त्याचा तराफा घेऊन आला, मला वर ओढलं, कॉफी दिली. म्हणाला, ‘मी आधीच बघितलं होतं. पण म्हटलं, तू शहरात राहतोस, तुमची काही नवी पद्धत असेल.’ गळाची दोरी तुटली होती आणि मासा गेला होता. होडी ट्रॅक्टरने ओढून काढली तेव्हा निम्मं तळं घरून खुर्च्या घेऊन आलं होतं, आणि कुणीतरी पाव-सॉसेजसुद्धा भाजत होतं.

आता ठरवलेलं मोडतो. मला तो मासा का हवा होता, सांगू? मला माझा स्वतःचा एक मासा हवा होता. म्हणजे तुझा तुला ताठ मानेने परत करता आला असता. तो बास तू धरलास. मी जाळं धरलं होतं, तेही उलटं. बाबांनी त्याच्याखालच्या पाटीवर माझं नाव घातलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, ते सोडून दे. पण त्यांच्या अंत्यविधीला, चर्चच्या तळघरात, हॅम-पाव खाणाऱ्या साठ माणसांसमोर मी ती गोष्ट माझी म्हणून सांगितली, तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. त्याला क्षमा नाही. मला लाज वाटते.

बाकी क्षेम. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा भाऊ,
डेल्मर

ता. क. काल भिंतीवरची पाटी काढली. नवी करायला टाकली आहे: ‘आर्डिस हाउगेन, वय अकरा.’ ओड्विनला मोठ्या गुपितासारखं सांगितलं, तर म्हणाला, ‘हो, मी तेव्हा धक्क्यावरच होतो की.’ पन्नास वर्षांत हा माणूस बोलला नाही. त्याला वाटलं, हाउगेनांच्या घरची काही पद्धत असेल.

ता. क. २ चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाला, बटाट्याचं सॅलड ओड्विन करणार आहे. त्यात तो मनुका घालतो. तू आलीस तर आम्ही सगळे वाचू.

ता. क. ३ नवी होडी दुरुस्तीला गेली. बाबांची पत्र्याची होडी शेडमध्ये धडधाकट आहे, फक्त तिथल्या खिळ्यावर टांगलेलं तिचं बूच नाही. अंत्यविधीच्या दिवशी इथून निघताना तू ते पर्समध्ये टाकलंस, मी खिडकीतून बघत होतो. त्या मापाचं बूच दुकानात मिळतं, मी विचारून आलो. घेतलं नाही. तू येशील तेव्हा आण.