वापरलेलं नाव

प्रिय वाकड्या,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. मीही मारणार नव्हते, पण पत्राच्या सुरुवातीला दुसरं काही सुचेना. ‘प्रिय’सुद्धा सवयीने लिहून गेले, त्यातून फार काही काढू नकोस. घटस्फोटानंतर आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही आणि माझं त्यावाचून काही अडलंही नाही. मी बरी आहे. त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. मालक म्हातारे झालेत. लहान मूल आलं की ते मागे सरकतात आणि मला पुढे करतात. फ्रेमची काडी कानामागे बसवताना पोर हललं तर सगळी मेहनत वाया, म्हणून मी बोलत राहते. नाव विचारते, शाळा विचारते, वर्गातला सगळ्यात वाईट मुलगा कोण ते विचारते. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना कोणीही हलत नाही.

गेल्या आठवड्यात तुझी बायको दुकानात आली होती. ती मला ओळखत नाही, मीही तिला ओळखलं नाही. सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा, आयुष्यातला पहिला चष्मा न्यायला आलेला. मी त्याला उंच स्टुलावर बसवलं, चष्मा चढवला, तर तो डावीकडे कलला. डावा कान उजव्यापेक्षा खाली. असा कान मी एकाच माणसाचा पाहिला आहे, आणि त्याचा चष्मा सरळ करण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. तुझी आई म्हणायची, सून चष्म्याच्या दुकानातली आणि नवरा बघा, फिरतोय वाकडा चष्मा लावून. तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी काडी गरम करायला घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, नाव काय रे तुझं?

त्याने सांगितलेलं नाव मी इथे लिहीत नाही, तुला ते माहीत आहे. ते कसं सापडलं तेही आठवत असेल. माझ्या वर्गात माझ्या नावाच्या चौघी होत्या. शाळा संपेपर्यंत मी ‘तिसरी’ होते. माझ्या मुलाला हाक मारली तर दुसऱ्या कोणी वळून बघता कामा नये, एवढाच माझा हट्ट. म्हणून सातव्या महिन्यात, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून, पोटावर ताटली ठेवून टोस्ट खाता खाता मी ते नाव बनवलं. तू आठवडाभर हसत होतास. खोकल्याचं औषध वाटतं म्हणालास. तुझ्या आईने अर्थ विचारला, तेव्हा मी म्हटलं, अर्थ नाहीये, तो मोठा होऊन स्वतः करेल. त्या माउलीने कपाळाला हात लावला. आणि मग एका सकाळी तूच दाढी करताना आरशासमोर ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत होतास. मी दाराआडून ऐकलं होतं.

तर मी त्या मुलाला नुसतं ‘काय?’ म्हटलं. वेगळ्या नावाच्या मुलांना याची सवय असते. त्याने पाठ केल्यासारखं सांगून टाकलं, की हे बाबांनी शोधलंय, त्याला अर्थ नाहीये, अर्थ मी मोठा होऊन करायचा आहे, आणि ते जगात फक्त माझंच आहे, दुसऱ्या कोणाचंच नाही. तुझी बायको कौतुकाने हसली. मी म्हटलं, छान आहे. काडी हातातच गार झाली होती, ती पुन्हा गरम करायला घेतली.

आपला मुलगा दोन दिवस जगला. नंतर नर्सने नाव काय लिहायचं विचारलं, तेव्हा तू म्हणालास, अजून ठेवलं नाही. दगडावरही तू ‘बाळ’ एवढंच कोरून घेतलंस आणि खाली आपलं आडनाव. घरी आल्यावर मला बजावलंस, की ते नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. मला वाटलं, तुला सोसत नाही. लग्न पार मोडेपर्यंत मी माझ्या बहिणीला हेच सांगत राहिले, की तो बोलत नाही म्हणून काय, आतून तुटलाय. आता कळलं, तू ते जपून ठेवलं होतंस. आलेली भेटवस्तू न उघडता कपाटात ठेवतात ना, पुढे कोणाला तरी द्यायला होईल म्हणून, तसं. हा तुझ्यावर अन्याय असेलही. कदाचित तुला खरंच दुसरं नाव सुचलं नसेल. पण मला न्यायाने वागायचा कंटाळा आला आहे.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. तू डॉक्टरांशी बोलायला खाली गेलास की मी त्या काचेच्या पेटीत हात घालून त्याला हाक मारायचे. त्याच नावाने, अगदी घसा बसेपर्यंत. त्याने डोळे उघडले असं मी म्हणणार नाही, पण माझं बोट मुठीत धरून ठेवलं होतं. तेव्हा ते नाव कोरं नव्हतं रे. तू तुझ्या मुलाला वापरलेलं नाव दिलंस, नवं समजून.

त्या पोरावर माझा राग नाही, लाघवी आहे तो. चष्मा लावल्याबरोबर दारात उभा राहिला आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या एकामागून एक मोठ्याने वाचत सुटला. आईने हात धरून ओढलं तरी थांबेना. त्याने सांगितलेली शाळा दफनभूमीच्या पलीकडे आहे. तिथली भिंत किती बुटकी आहे आणि आपला दगड पहिल्याच रांगेत कसा आहे, हे तू विसरला नसशील. काल मी पाथरवटाकडे जाऊन आले. ‘बाळ’च्या वर जागा आहे, तिथे नाव कोरायला सांगितलं आहे. आडनाव आहेच. हातातलं काम उरकून पुढच्या महिन्यात करतो म्हणाला. तेवढे दिवस तुझ्याकडे आहेत. त्याला जवळ बसवून सांग, की त्याला एक मोठा भाऊ होता आणि हे नाव आधी त्याचं होतं. नाही सांगितलंस, तर शाळेत जाता जाता एक दिवस तो स्वतःच वाचेल. लांबचं आता त्याला स्वच्छ दिसतं.

तुझ्याच थोरल्या मुलाची,
आई