बायोडेटातलं आजारपण

ती. बाबा,
नमस्कार करतो, पण मान वर होत नाही.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवतो. फक्त नोकरी जाऊन आठ महिने झाले. तुम्हाला कळवायचं धाडस झालं नाही.

बायोडेटात तेवढा काळ रिकामा दिसत होता. तिथे मी लिहिलं, ‘वडिलांच्या आजारपणात त्यांची सेवा केली.’ काल मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “आता कसे आहेत वडील?”

“बरे आहेत. काठी घेऊन चालतात.”

“असा मुलगा नशिबानं मिळतो,” त्या म्हणाल्या.

सोमवारपासून कामावर बोलावलंय.

आई सांगत होती, तुम्ही अजून सायकलवरून भाजी आणता. आणि मी तुमच्या हातात काठी दिली!

बाबा, तब्येत खरंच कशी आहे? दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही.

तुमचा,
धाकटा